प्रवाळांवर काम करायचंय? आधी ओहोटी वाचायला शिका

"ताई, आधी स्कूबा शिकू की आधी एमएस्सी करू?"

बारावीचे आणि बीएस्सीचे निकाल लागले की हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारी मुलं कधी पुण्या-नागपूरची असतात, कधी देवगड-वेंगुर्ल्याची. बहुतेकांनी निळ्याशार पाण्यातल्या रंगीत रीफचे, म्हणजे प्रवाळांनी रचलेल्या भिंतींचे, व्हिडिओ पाहिलेले असतात आणि त्या पाण्यात उतरायची घाई झालेली असते. ती घाई मला समजते, मलाही होती. तरी माझं उत्तर एकच असतं: आधी भरती-ओहोटीचा तक्ता वाचायला शिका आणि घरापासून जवळात जवळ जे खडप, म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा खडकाळ किनारा, असेल तिथे जा.

मी प्रवाळांच्या पेशींत राहणाऱ्या शैवालांवर काम करते. या कामात पोहायला यावं लागतं, सूक्ष्मदर्शक हाताळावा लागतो, आकडेमोड जमावी लागते. पण सगळ्यांत जास्त लागतं ते एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणं. आज पाहिलेलं प्रवाळ पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी, दहा वर्षांनी कसं आहे हे सांगता आलं तरच तुमच्या शब्दाला वजन येतं. ही सवय लावायला पदवी लागत नाही आणि जहाजही लागत नाही.

नेमका कशाचा अभ्यास

प्रवाळ म्हटलं की आपल्याकडे आधी अंगठीतलं पोवळं आठवतं. ते लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रात, अंधुक उजेडाच्या खोल पाण्यात वाढतं आणि त्याच्या शरीरात शैवाल नसतं. आपण ज्या प्रवाळांबद्दल बोलतोय ती उथळ, उजेडाच्या पाण्यातली, रीफ बांधणारी. तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून थोडे मोठे असंख्य प्राणी एकमेकांना चिकटून राहतात, खाली चुन्याचा सांगाडा रचत जातात आणि त्यातून वसाहत उभी राहते. या एकेका प्राण्याला पॉलिप म्हणतात. तोंडाभोवती शुंडकं असलेलं एक पोट, एवढंच त्याचं शरीर.

या पॉलिपच्या पेशींच्या आत गोल, तपकिरी-सोनेरी शैवालं राहतात. एका पेशीचा व्यास साधारण १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. निरोगी प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटरवर अशी दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त शैवालं असतात. प्रवाळाचा तपकिरी रंग बहुतांशी त्यांचाच. शैवाल सूर्यप्रकाशावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी ९० टक्क्यांपर्यंत वाटा असा भागू शकतो. बदल्यात शैवालाला मिळतो आसरा, कार्बन डायऑक्साइड आणि प्रवाळाच्या शरीरातून निघणारं नायट्रोजनयुक्त द्रव्य. अन्नाची टंचाई असलेल्या स्वच्छ उष्ण समुद्रात एवढ्या मोठ्या रीफ उभ्या राहतात त्या या देवाणघेवाणीवर.

आज हे सगळं शाळेच्या पुस्तकासारखं सरळ वाटतं, पण ते कळायला वेळ लागला. १९२८-२९ मध्ये मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांची तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षभर मुक्काम ठोकून होती, तेव्हा शैवालं प्रवाळाला अन्न देतात की नाही यावरच वाद होता. पुढे लेनर्ड मस्कटाइन यांनी किरणोत्सारी कार्बनचा माग काढून दाखवलं की शैवालाने बनवलेलं अन्न खरोखरच प्राण्याच्या शरीरात उतरतं. ग्लिसरॉलवरचा त्यांचा गाजलेला निबंध १९६७ चा आहे. नवख्या माणसाने हा इतिहास जरूर वाचावा, कारण चांगला प्रश्न कसा विचारायचा हे त्यातून कळतं.

वाचताना एक अडचण येईल, ती आधीच सांगते. जुन्या निबंधांत या शैवालांना 'क्लेड सी', 'क्लेड डी' अशी अक्षरं दिलेली दिसतील; क्लेड म्हणजे वंशगट. २०१८ मध्ये त्यांची नव्याने मांडणी झाली. आता क्लेड सीला क्लॅडोकोपियम म्हणतात, क्लेड डीला ड्युरुसडिनियम. वहीच्या पहिल्या पानावर हा तक्ता लिहून ठेवा. मी ठेवला नव्हता आणि दोन महिने एकाच शैवालाला दोन वेगवेगळी समजून वाचत राहिले.

खडपावरचे पहिले सहा महिने

आता मुद्द्याचं. कोकणात जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं, येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी, नऊच्या पुढे, पूर्ण ओहोटी. हा अंदाज झाला. जाण्याआधी छापील किंवा मोबाइलवरचा तक्ता पाहायचाच. पाणी सर्वांत खाली उतरतं ते उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे दोन-तीन दिवस. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या ओहोटीला गेलात तर निम्मं खडप पाण्याखालीच राहील. मुंबईच्या तक्त्यात पाणी अर्ध्या मीटरच्या खाली उतरणार असेल तो दिवस उत्तम. ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी वळलं की बाहेर या. पावसाळ्यात जाऊ नका.

पायात घट्ट बसणारे, जाड तळव्याचे जुने बूट हवेत. चपला कालवांच्या धारेवर टिकत नाहीत. एकट्याने जायचं नाही. आणि हात खिशात. ही शिस्त नाजूक जिवांसाठी आहे तशी तुमच्यासाठीही आहे. शंकूच्या आकाराच्या काही गोगलगाई विषारी काटा मारतात. खडकावर हिरव्या-तपकिरी चटईसारखे पसरलेले झोअँथिड दिसतील, त्यांपैकी पॅलिथोआ नावाच्या गटात अत्यंत जहाल विष असतं. डोळ्याला बोट लावायची सवय असेल तर ती त्या दिवशी घरी ठेवून या.

पण याच झोअँथिडांकडे नीट पाहा. ही प्रवाळांची नात्यातली मंडळी. त्यांतल्या अनेकांच्या पेशींत तीच शैवालं असतात. लक्षद्वीपला न जाता, मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभं राहून तुम्ही प्राणी आणि शैवालाचा तो जुना संसार पाहत असता. पाण्याखाली असताना हिरवी चकती फुलासारखी उघडी असते. पाणी ओसरलं की ती मिटून रबरी बटणासारखी दिसते. उन्हाळ्यात, उथळ डबक्यात, काहींचा रंग फिका पडलेला दिसेल. तो फिका का पडला? उजेड, उष्णता, पावसाचं गोडं पाणी की आणखी काही? इथून अभ्यास सुरू होतो.

मुंबईच्या खडपांवर खरी, सांगाड्याची प्रवाळंही आहेत. कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अली इथून प्रवाळांच्या १८ वसाहती दुसरीकडे हलवल्या गेल्या, तेव्हा कित्येक मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की आपल्या शहराच्या पायाशी प्रवाळ आहे. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या गटाच्या किनारा-फेऱ्यांना गेलात तर पहिली ओळख जाणकारांबरोबर होईल.

आता वही. एक जागा निवडा, साधारण मीटरभर लांबी-रुंदीची. चार मीटरपट्ट्या किंवा पीव्हीसी नळ्या जोडून चौकट करा. ती खडकावर ठेवून सरळ वरून फोटो काढा, फोटोत तारीख लिहिलेली पाटी आणि रंगाची पट्टी येऊ द्या. रंग मोजायला क्वीन्सलंड विद्यापीठाच्या 'कोरलवॉच' प्रकल्पाचं कार्ड वापरतात. त्यात एकेका रंगाच्या फिकट ते गडद सहा छटा असतात, वसाहतीची सर्वांत फिकी आणि सर्वांत गडद जागा कार्डाशी जुळवून आकडा लिहायचा. शेजारी पाण्याचं तापमान, वेळ, आकाश कसं होतं ते. दर उधाणाला हेच, त्याच जागी.

त्याच जागी हे शब्द मी उगाच लिहीत नाही. पहिल्या वर्षी मी कातळावरच्या वीस वसाहतींचे सुरेख फोटो काढले. खूण म्हणून मनाशी धरलं, 'मोठ्या भेगेपासून डावीकडे चौथा दगड.' पावसाळा झाला, वाळू हलली, आणि ऑक्टोबरात परत गेले तर डावीकडे चौथा दगड म्हणावा असे तीन दगड होते. वीसपैकी सात वसाहती खात्रीने ओळखता आल्या. उरलेल्या तेरांची आठ महिन्यांची नोंद वाया गेली. तेव्हापासून प्रत्येक जागेच्या तीन दिशांनी खुणा लिहिते: इथून दीपस्तंभ कुठे दिसतो, कुठलं झाड कुठल्या घराच्या मागे येतं. समुद्रावरचे तांडेल जाळ्याची जागा अशाच खुणा जुळवून ओळखतात. मी ते त्यांच्याकडूनच शिकले.

पोहणं आणि डुबणं

पोहायला न येता समुद्र-जीवशास्त्राच्या वर्गात बसलेली मुलं मी बरीच पाहिली आहेत. तलावात चारशे मीटर न थांबता पोहता येईपर्यंत स्कूबाचं नाव काढू नका. त्यानंतर मास्क आणि नळी घेऊन पृष्ठभागावरून पाहायला शिका. उथळ रीफवरचं बरंचसं काम त्यावरच होतं.

स्कूबाचा पहिला कोर्स तीन-चार दिवसांचा असतो, तो झाला की १८ मीटरपर्यंत उतरता येतं. सिंधुदुर्गात तारकर्लीला त्यासाठी एमटीडीसीची संस्था आहे. अंदमानातही पुष्कळ शिकवतात. प्रमाणपत्र हाती आलं म्हणजे अभ्यास करता येईल असं समजू नका. पाण्यात एका उंचीवर स्थिर तरंगता यायला हवं, फिनचा फटका प्रवाळाला न लागता आणि वाळू न उडवता पाटीवर लिहिता यायला हवं. ते यायला चाळीस-पन्नास डुबक्या जातात.

पदव्या

बारावी विज्ञान शाखेतून, जीवशास्त्र घेऊन. पुढे बीएस्सीला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान यांपैकी काहीही चालतं. सहजीवनाचा अभ्यास करणाराला प्राणी आणि शैवाल दोन्ही कळावे लागतात, त्यामुळे वनस्पतिशास्त्राची मुलं मागे पडतात हा गैरसमज काढून टाका. मत्स्यशास्त्राची वाट हवी असेल तर रत्नागिरीजवळ शिरगावला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे.

एमएस्सीसाठी तमिळनाडूत परंगीपेट्टईला अन्नमलई विद्यापीठाचं जुनं सागरी जीवशास्त्र केंद्र, कोचीचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ, गोवा विद्यापीठ आणि पाँडिचेरी विद्यापीठाचा पोर्ट ब्लेअरचा विभाग ही नावं आधी पाहा. पोर्ट ब्लेअरला रीफ हाताशी आहे, हा त्याचा मोठा फायदा. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन केंद्रात वन्यजीव विज्ञानाची एमएस्सी आहे, तिथून पुढे समुद्रात उतरलेलेही आहेत. प्रवेशाच्या परीक्षा वेगवेगळ्या असतात आणि बदलत राहतात, त्यामुळे तारखा त्या-त्या संस्थेकडूनच घ्या.

पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट द्या. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ पासूनची. मराठी मुलांना भाषेने आणि अंतराने सर्वांत जवळची. मन्नारच्या आखातावर काम करायचं तर तुतिकोरिनची सुगंधी देवदासन संस्था आणि केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचं मंडपम केंद्र आहे. भारतीय प्रवाळांच्या जाती ओळखून त्यांची शास्त्रीय यादी लावण्याचं पायाभूत काम सी. एस. गोपीनाथ पिल्लै यांनी याच संस्थेत केलं. परदेशी जायचं असेल तर महाराष्ट्राच्या कांदळवन प्रतिष्ठानाने सागरी विषयांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली आहे, तिचे निकष वाचा.

मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या इमारतीकडे पाहू नका. त्या माणसाच्या आधीच्या विद्यार्थ्यांना फोन करा आणि विचारा: वर्षातून किती दिवस समुद्रावर गेलात? निबंधावर तुमचं नाव पहिलं आलं का? मला एका ठिकाणी तीन वर्षं फक्त दुसऱ्यांचे नमुने मोजायला बसवलं होतं. हे दोन प्रश्न आधी विचारले असते तर ती वर्षं वाचली असती.

एक विषय कुणी सांगत नाही म्हणून सांगते: संख्याशास्त्र. 'आर' नावाची संगणकभाषा फुकट आहे, बीएस्सीला असतानाच शिकायला घ्या. नमुने गोळा करून झाल्यावर "आता याचं काय करू?" म्हणत येणारी मुलं पाहिली की वाईट वाटतं. किती नमुने घ्यायचे हे पाण्यात उतरण्याआधी ठरवायचं असतं.

प्रयोगशाळेत पहिल्यांदा शैवाल मोजताना

प्रवाळाचा नखाएवढा तुकडा परवान्याने मिळालेला आहे असं धरू. चित्रकार रंग फवारायला वापरतात तो एअरब्रश घ्या, त्यात गाळलेलं समुद्राचं पाणी भरा, तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत धरून त्यावर झोत मारा. मांस सुटून खाली येतं आणि पांढरा सांगाडा हातात राहतो. पिशवीत तपकिरी चहासारखा द्रव जमतो. तो सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की वर प्राण्याचा फिका अंश राहतो, तळाशी शैवालांचा गडद ठिपका बसतो. पहिल्यांदा तो ठिपका पाहिला तेव्हा मी बराच वेळ नळी उजेडात धरून बसले होते. दोन जीव, जे समुद्रात वेगळे काढून पाहता येत नाहीत, ते एका नळीत वर-खाली झाले होते.

तो ठिपका पाण्यात ढवळून थेंबभर द्रव हिमोसायटोमीटरवर घ्या. रक्तपेशी मोजायची ती रेघांची जाड काच प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते. चौकोनांतले गोल मोजा. रेघेवर बसलेल्यांचं काय करायचं हे आधी ठरवा: वरची आणि डावी रेघ धरायची, खालची आणि उजवी सोडायची, आणि हा नियम शेवटपर्यंत मोडायचा नाही. एका नमुन्याची निदान सहा वेळा मोजणी. मग प्रश्न येतो, ही संख्या किती पृष्ठभागावरची? त्यासाठीची जुनी युक्ती फार सुंदर आहे. सांगाड्यावर स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल चुण्या न पडू देता लपेटायचा, काढून वजन करायचं. एक चौरस सेंटिमीटर फॉइलचं वजन माहीत असलं की क्षेत्रफळ निघतं.

शैवालाची तब्येत कशी आहे हे फ्लुरोमीटरने कळतं. प्रकाशाचा झोत मारून परत येणारी चमक मोजतात, त्यावरून प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा धड आहे की थकली आहे याचा आकडा मिळतो. कोणत्या जातीचं शैवाल आहे ते डीएनएवरून, आयटीएस-२ या तुकड्याच्या आधारे ओळखतात.

प्रवाळाचा नमुना मिळत नसेल तर अडून बसू नका. ऐप्टेशिया नावाचं छोटं समुद्रफूल खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांत तणासारखं वाढतं, मालक ते उपटून फेकतात. त्याच्या पेशींतही हीच मंडळी राहतात. जगभरच्या सहजीवनाच्या प्रयोगशाळा आज याच प्राण्यावर प्रयोग करतात. तुकड्यापासून नवं वाढतं, शैवालं काढून टाकता येतात, पुन्हा वसवता येतात. महाविद्यालयाच्या प्रकल्पाला याहून चांगला सोबती नाही.

पाणी तापतं तेव्हा

उष्णता आणि उजेड दोन्ही वाढले की शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणाचा तोल जातो, ऑक्सिजनची घातक रूपं तयार होऊन दोघांच्याही पेशींना इजा होते आणि भागीदारी तुटते. शैवालं बाहेर पडतात, पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पांढरं झालेलं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं, हे पक्कं लक्षात ठेवा. ते उपाशी असतं. पाणी काही आठवड्यांत निवलं तर शैवालं परत वाढतात. नाही निवलं तर मांस झडतं आणि सांगाड्यावर केसाळ शेवाळ चढतं. वहीत पांढरं, मेलेलं आणि शेवाळलेलं असे तीन वेगळे रकाने ठेवा. नवख्यांच्या नोंदीत हे तिन्ही एकाच रकान्यात गेलेले असतात आणि मग त्या नोंदीचा काही उपयोग राहत नाही.

अमेरिकेची नोआ ही संस्था उपग्रहावरून समुद्राचं तापमान मोजून ते सगळ्यांना फुकट देते. नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एक अंश वर गेलं की इशारा सुरू होतो, आणि ही जादाची उष्णता गेल्या बारा आठवड्यांत किती साठली ते 'डिग्री हीटिंग वीक' या मापात सांगतात. चारपाशी ब्लीचिंग दिसू लागतं, आठच्या पुढे प्रवाळं मरायला लागतात. मार्चपासून दर आठवड्याला लक्षद्वीप आणि मन्नारचे आकडे वहीत उतरवा. जगभरातलं पहिलं मोठं ब्लीचिंग १९९८ चं, मग २०१०, मग २०१४ ते २०१७. चौथं चालू असल्याचं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं. मधली अंतरं पाहा.

काही शैवालं उष्णता जास्त सोसतात. ड्युरुसडिनियम असलेलं प्रवाळ एक-दीड अंश अधिक तग धरू शकतं, पण त्याची वाढ मंदावते. हा सौदा परवडतो का, कुठल्या प्रवाळाला भागीदार बदलता येतो आणि कुणाला नाही, यावर आज भरपूर काम चाललं आहे. बहुतेक प्रवाळांची पिल्लं शैवाल बाहेरच्या पाण्यातून घेतात, पण पोराइट्ससारखी काही आईच्या अंड्यातूनच घेऊन येतात. हवाईमध्ये काम करणाऱ्या रूथ गेट्स यांनी ऑस्ट्रेलियाच्या मॅडलिन व्हॅन ओपेन यांच्याबरोबर तगून राहणारी प्रवाळं निवडून वाढवण्याची कल्पना मांडली. मस्कटाइन यांच्या प्रयोगशाळेत शिकलेल्या गेट्स पुढे आंतरराष्ट्रीय रीफ-अभ्यासक संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. २०१८ मध्ये त्या गेल्या. पेशीच्या आतलं कोडं सोडवणारी बाई रीफ वाचवण्यासाठी कशी उभी राहते, हे पाहायला त्यांच्या कामाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

परवाने

रीफ बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंगतीत, जागा आहे. त्यामुळे तुकडा तोडणं तर सोडाच, किनाऱ्यावर सापडलेला सांगाडाही घरी नेऊ नका. अभ्यासासाठी नमुना हवा तर संस्थेमार्फत राज्याच्या वन विभागाची परवानगी काढावी लागते आणि तिला महिने लागतात. डीएनए किंवा नमुना परदेशी पाठवायचा तर जैवविविधता प्राधिकरणाची आणि साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराखालची वेगळी परवानगी. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही प्रवेशपत्र लागतं. वेळापत्रक आखताना आधी परवान्याचे महिने लिहा, मग समुद्राचे.

राखायचं कसं

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. तिथे पोराइट्स, टर्बिनेरिया अशी प्रवाळं आहेत. पाणी गढूळ, पावसाळ्यात गाळ आणि गोडं पाणी, तरी ती तगतात. ती कशी, हा पीएचडीचा प्रश्न आहे. पण त्यांच्यावर रोज होणारा घाव साधा आहे. पर्यटकांची होडी येते, नांगर पडतो, नांगर घासत जातो. नळी लावून उतरवलेला पाहुणा प्रवाळावर उभा राहून फोटो काढतो. इथे डीएनए उपयोगी पडत नाही. कायमचा बोया बांधून होडी त्याला लावायची सोय आणि होडीवाल्यांशी बसून केलेली बोलणी उपयोगी पडतात.

म्हणून मच्छीमारांशी नातं हा अभ्यासाचाच भाग समजा. प्रश्नावली घेऊन जाऊ नका. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जात असेल तर दोरीला हात लावा, चहा प्या, मग बोला. मालवणात एक रापणकर काका मला म्हणाले होते, "पाणी तापला काय मासो भायर जाता, तुमका त्या यंत्रात उशिरा कळता." मी त्यांच्याकडून गेल्या तीस वर्षांतल्या गरम पाण्याच्या वर्षांची यादी लिहून घेतली आणि घरी येऊन उपग्रहाच्या आकड्यांशी ताडून पाहिली. बरीचशी वर्षं जुळली. जी जुळली नाहीत त्यांबद्दल परत जाऊन विचारलं, तेव्हा कळलं की ती वर्षं गढूळ पाण्याची होती. माझ्या निबंधातला एक आख्खा परिच्छेद त्या दुसऱ्या भेटीतून आला.

प्रवाळाचे तुकडे लोखंडी चौकटीवर बांधून रीफ 'लावण्याचे' प्रकल्प हल्ली बरेच दिसतात. फोटो छान येतात. नांगराने मोडलेल्या जागी, पाणी चांगलं असेल तर, त्यांचा उपयोग होतो. ज्या पाण्याने आधीचं प्रवाळ मारलं त्याच पाण्यात नवे तुकडे बांधणं मला पटत नाही. अशा कामात सामील व्हायची संधी आली तर एकच विचारा: तीन वर्षांनी मोजायला कोण येणार आहे? उत्तर नसेल तर तो वेळ दुसऱ्या कामाला द्या.

मोजत राहण्याचं मोल लक्षद्वीपने दाखवलं आहे. तिथल्या आगत्ती, कडमत, कवरत्ती बेटांच्या रीफवर म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांनी १९९८ पासून नोंदी ठेवल्या. १९९८, २०१० आणि २०१६ ची ब्लीचिंग त्या नोंदींत आली. २०२२ पर्यंत जिवंत प्रवाळाचं आच्छादन जवळपास निम्म्यावर आलं, हे आज ठामपणे सांगता येतं ते कुणीतरी चोवीस वर्षं त्याच जागी जात राहिलं म्हणून. आपल्याकडे विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे. माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, त्यावर प्रवाळ. तिथे अशी चोवीस वर्षांची वही अजून कुणाची नाही.

पोट आणि मन

पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. त्यानंतर बरीच वर्षं प्रकल्पावरच्या कंत्राटी नोकऱ्या. प्रकल्प संपला की पगार संपतो. घरच्यांना हे आधीच सांगा. कायमच्या जागा समुद्रविज्ञान संस्था, प्राणी सर्वेक्षण विभाग, मत्स्यसंशोधन संस्था आणि महाविद्यालयांत निघतात, पण थोड्या. स्वयंसेवी संस्था आणि पर्यावरण-अहवाल लिहिणाऱ्या कंपन्यांतही काम मिळतं. अहवालाच्या कामात पैसे बरे असतात. किनाऱ्यावर प्रवाळ दिसलं तर अहवालात प्रवाळ लिहायचं, एवढं मात्र पहिल्या दिवसापासून पाळा.

आणि ओळखीची वसाहत मेलेली पाहायला लागेल. माझ्या वहीत अकरा नंबरची एक टर्बिनेरिया होती, उलट्या छत्रीसारखी, कडेला एक जुनी खाच. सहा वर्षं मी तिला दर उधाणाला भेटले. सातव्या वर्षी मे महिन्यात ती पांढरी होती, जूनमध्ये जाता आलं नाही, ऑक्टोबरात तिच्यावर शेवाळ होतं. त्या दिवशीची नोंदही मी त्याच पद्धतीने केली: तारीख, वेळ, तापमान, छटा लागू नाही. मग किनाऱ्यावर बराच वेळ बसले. बरोबरच्या कुणाशी तरी त्याबद्दल बोला, मनात ठेवू नका. त्या वर्षीच्या वहीत अकराच्या शेजारी एक आडवी रेघ आहे, आणि पुढच्या वर्षी त्याच खाचेजवळ नखाएवढ्या दोन नव्या वसाहती दिसल्या त्यांना मी अकरा-अ आणि अकरा-ब असे नंबर दिले आहेत.

येत्या अमावास्येची तारीख पंचांगात पाहा. त्यानंतरच्या द्वितीयेला पूर्ण ओहोटी साडेसातच्या आसपास असेल, नक्की मिनिटं तक्त्यात. शंभर पानी वही, पेन्सिल (शाई पाण्यात टिकत नाही), पाण्याचा थर्मामीटर, चौकट, जुने बूट आणि बरोबर एक माणूस. पहिल्या पानावर तीन दिशांच्या खुणा लिहून झाल्याशिवाय फोटो काढू नका.